जयमालाबाईचं सायकल स्टँड

जयमालाबाईला गावात सगळे चर्चवाली मावशी म्हणतात. जानेफळ मागं टाकून मेहकरच्या दिशेनं निघालं की रस्त्याला अगदी चिकटून, पत्र्याच्या छपराचं एक लहान चर्च लागतं. त्याच्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात. झाडलोट, बाकं पुसणं, रविवारी उपासनेआधी घंटा वाजवणं ही कामं आधी तिची सासू करायची, सासूच्या मागं ती करू लागली. अंगानं किडकिडीत, चालणं झपझप, बोलणं मोजकं. कुणी वाकडं बोललं तर उलटून बोलणार नाही, पण एखादी गोष्ट मनात धरली की सोडणारही नाही. चर्चच्या पंचांना हे चांगलंच ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ती त्यांच्यापुढं एकच मागणं घेऊन उभी राहायची. आवाराच्या आत सायकली ठेवायला जागा करा.

का, ते कुणी विचारत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

पूर्वी त्या आवारात फुलझाडं होती. शेवंती, गुलाब, कडेनं सदाफुली. सायकली आत आल्या तर वाफे तुडवले जातील, असं त्या वेळच्या मोठ्या पंचांचं म्हणणं. म्हणून सगळ्यांच्या सायकली भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या. जयमालाबाईची एकुलती एक अनुपमा तेव्हा नववीत होती. श्रावणातला रविवार होता, सकाळपासून झड लागलेली. उपासना संपली, मंडळी पांगली. अनुपमानं आईबरोबर गायनाची पुस्तकं कपाटात लावली आणि म्हणाली, "माय, मी पुढं होते. भाकरीचं पाहते."

जयमालाबाई खिडक्या लावत होती. मागं वळून न पाहताच तिनं "हाव" म्हटलं.

बाहेर अनुपमा सायकलच्या कुलपाशी वाकली होती. ते कुलूप अडकायचं, किल्ली हलवून हलवून फिरवावी लागायची. समोरून आलेल्या बैलगाडीला वाचवायला एक ट्रक रस्त्याखाली उतरला, आणि तो भिंतीपाशीच थांबला.

चेपलेली सायकल पोलीस ठाण्याच्या आवारात पडून राहिली. पुढं कधीतरी ती बाकीच्या भंगाराबरोबर गेली. जयमालाबाईचा नवरा माणिकराव बाजारातून येत होता, त्यानं ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत इतर लोखंडाखाली दबलेली पाहिली. घरी येऊन त्यानं तेवढंच सांगितलं आणि जेवला नाही. रस्त्याच्या पलीकडे, शेताच्या वाटेनं आत गेलं की त्यांचं घर आणि विहिरीवरचा भाजीचा तुकडा आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. माणिकराव त्यातच गुंतून गेला. चर्चमध्ये तो परत आला नाही. बायकोला कधी अडवलं नाही. "तू जाय," म्हणायचा, "मले नोको बोलावू."

मग जुने पंच गेले, फुलझाडं वाळली, रस्ता रुंद होऊन सिमेंटचा झाला आणि त्यावरून गाड्या सुसाट धावू लागल्या. मागच्या वर्षी तरुण पाळक बदलून आले. जयमालाबाईचं मागणं त्यांनी एकदाच ऐकून घेतलं. म्हणाले, "मावशी, या उन्हाळ्याच्या आत बांधूच."

वेल्डिंगच्या दुकानवाल्या निवृत्तीला बोलावलं. फाटकाच्या डाव्या हाताला, कडुनिंबाखाली जागा ठरली. त्यानं जमीन सपाट करून मुरूम टाकला, लोखंडी पाइपचे कठडे बसवले, पुढचं चाक अडकेल अशा खाचा केल्या, वर पत्रा टाकला. काम करता करता त्यानं हसून विचारलं, "आता कोन येते मावशी सायकलवर? सगळ्याइच्या घरी गाड्या झाल्या."

"जे येतीन ते येतीन," ती म्हणाली.

तसं अगदीच कुणी नव्हतं असं नाही. शाळेतल्या मुलींना सायकली मिळाल्या होत्या. आसपासच्या वस्त्यांवरून येणाऱ्या मुली रोज त्या चर्चच्या भिंतीला टेकवून चालत शाळेत जायच्या, कारण शाळेपाशी पोरं हवा सोडत. आता त्या आत ठेवू लागल्या. होळीनंतरच्या रविवारी पाळकांनी स्टँडपाशी प्रार्थना केली, सगळ्यांना बुंदी वाटली. जयमालाबाईनं नवीन पातळ नेसलं होतं. ती हसली नाही, पण पत्र्याखाली उभी राहून पाइपवरून बराच वेळ हात फिरवत राहिली.

त्याच रविवारी ती सायकल पहिल्यांदा दिसली.

उपासना सुटली, मंडळीतल्या मुली आपापल्या सायकली घेऊन गेल्या, तरी भिंतीकडच्या शेवटच्या खाचेत एक उभी होती. मरून रंगाची लेडीज सायकल, पुढं तारेची टोपली. कुणी समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेलं असेल, असं वाटून जयमालाबाई थांबली. कुणी आलं नाही. शेवटी तिनं फाटकाला कुलूप लावलं आणि घरी गेली. दिवेलागणीला परत आली तर कुलूप जसंच्या तसं, आणि खाच रिकामी.

दुसऱ्या दिवशी तिनं पाळकांना विचारलं. "हो, मीही पाहिली," ते म्हणाले. "मला वाटलं तुमच्या ओळखीतल्या कुणाची असेल."

पुढच्या रविवारी ती पुन्हा होती. या वेळी जयमालाबाई जवळ गेली. फाल्गुनातलं कडक ऊन, मुरूम पायाला चटके देत होता, आणि त्या सायकलची दोन्ही चाकं ओल्या काळ्या चिखलानं भरलेली होती. मडगार्डवरून पाणी ठिबकत होतं. तिनं बोट लावलं. चिखल गार होता. बोट नाकाशी नेलं तर भिजलेल्या रानाचा वास आला. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, नाले कोरडे पडलेले, आणि गावात कुठं असा चिखल नव्हता. त्या दिवशीही तिनं फाटक लावलं, आणि संध्याकाळी सायकल नव्हती.

तिसऱ्या रविवारी तिनं घंटा वाजवली आणि आत न जाता पायरीवर बसली. आत गाणं सुरू झालं. फाटकाला कडी होती. शेवटची खाच रिकामी होती. ती नजर न हलवता पाहत राहिली. तेवढ्यात वाऱ्याच्या झोतानं मागची खिडकी धाडकन आपटली आणि तिची मान वळली. परत वळवली तर सायकल उभी होती. तिचं पॅडल फिरत होतं. फिरत फिरत हळू झालं, चाकातून टक टक आवाज आला, आणि थांबलं.

आवारात कुणी नव्हतं. कडी लागलेलीच होती.

जयमालाबाई उठून गेली. हँडलच्या मुठीकडे तिनं पहिल्यांदा नीट पाहिलं. एक काळी, एक हिरवी. काळी मूठ एकदा वाटेत कुठंतरी गळून पडली होती, तेव्हा तिनंच मेहकरच्या बाजारातून ही हिरवी आणली होती. अनुपमा दोन दिवस रुसली होती. "दोन्ही सारख्या काऊन नाही आनल्या?" आत गाणं संपून प्रार्थना सुरू झाली तरी जयमालाबाई मूठ धरून तशीच उभी होती. मूठ ओली होती, जशी हाताच्या घामानं होते तशी.

घरी येऊन तिनं माणिकरावाला सांगितलं. तो मेथीच्या जुड्या बांधत होता. हात न थांबवता म्हणाला, "ऊन लागलं तुले. पडून राय थोडी."

पण पुढच्या रविवारी तो आला. फाटकाबाहेरच उभा राहिला, मग डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला आणि आत शिरला. सायकल आपल्या जागी होती. तो तिच्यापाशी उकिडवा बसला आणि रोजच्या सवयीनं करावं तसं मागचं टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"मागच्यात हवा कमी हाय," तो म्हणाला. आणि बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं असावं. तो तसाच मागं सरकून मुरमावर बसला. "हे भंगारात गेली होती, जयमाला. मी सोता पाह्यली. चिपटी झाली होती."

"मले सांगतलं होतं तुमी."

"इथं राहू देऊ नोको हे. बरं नाही."

"मंग कुठं ठेवू? भायेर, रस्त्यावर?"

माणिकराव उठला, रुमाल डोक्याला बांधला आणि निघून गेला.

त्या दिवसापासून जयमालाबाईला दुसऱ्याच गोष्टीनं घेरलं. सायकल येते याची भीती तिला वाटेनाशी झाली होती. ती जाते याची वाटू लागली. दर रविवारी ती फाटकातून निघून पुन्हा त्याच रस्त्यावर जाते, जिथं आता पूर्वीपेक्षा दुप्पट गाड्या आहेत, असं तिच्या मनानं घेतलं. रस्त्यावर कुठं ब्रेक करकचला की घरात तिच्या हातातली वस्तू खाली पडायची. शेवटी एके दिवशी ती मेहकरला गेली आणि जाड साखळी आणि एक नवं कुलूप घेऊन आली. रविवारी सायकल आल्याबरोबर तिनं ती पाइपला जखडून टाकली. किल्ली बाकीच्या किल्ल्यांमध्ये ओवली.

संध्याकाळी सायकल तिथंच होती. सोमवारीही होती.

ते चार दिवस जयमालाबाई वेगळीच दिसली, असं समोर हॉटेल चालवणारी सोजराबाई सांगते. ती सकाळी ओलं फडकं घेऊन यायची, सायकल पुसायची, टोपलीतला पाला काढायची. ओठ हलताना दिसायचे. कुणी हाक मारली तर हसून उत्तर द्यायची. पुसलेल्या चाकांवर दुपारपर्यंत पुन्हा ओला चिखल आलेला असे, तो ती पुन्हा पुसायची.

त्याच दिवसांत बाकीच्यांना त्रास सुरू झाला. भर दुपारी, आवारात कुणी नसताना, सायकलची घंटी वाजायची. पाळक आत रविवारचं प्रवचन लिहीत बसलेले, ते दोनदा बाहेर येऊन पाहून गेले. तिसऱ्यांदा आले नाहीत, दार लावून घेतलं. जयमालाबाई संध्याकाळी स्टँडमधली माती खराट्यानं सारखी करून जायची. सकाळी तिच्यावर चपलांचे लहान ठसे असायचे, सायकलपासून फाटकापर्यंत, फाटकापासून पुन्हा सायकलपर्यंत. बाहेर एकही गेलेला नसायचा. रोज ते वाढत गेले, इतके की तिथं जनावराच्या येण्याजाण्यानं पडते तशी पायवाट पडली. जयमालाबाई ते झाडून टाकायची आणि कुणाला बोलायची नाही.

शनिवारी सकाळची शाळा होती. सुटायच्या वेळी ती फाटकाशी आली आणि जागीच थबकली. मुलींच्या सगळ्या सायकली बाहेर होत्या. भिंतीला लागून, रस्त्याच्या कडेला, ओळीनं. एक टँकर त्यांच्या इतक्या जवळून गेला की वाऱ्यानं शेवटची सायकल आडवी झाली. मुली शाळेकडून येत होत्या. त्यातली समता नावाची आठवीतली मुलगी पुढं होऊन आपल्या सायकलच्या कुलपाशी वाकली.

जयमालाबाईनं धावत जाऊन तिला दंडाला धरून ओढलं. "मराले ठेवता का इथं? आतमधी जागा करून देली ना तुमाले! काऊन ठेवली भायेर?"

समता रडायला लागली. बाकीच्या मुली एकमेकींकडे पाहू लागल्या.

"आत आमी नाही ठेवत मावशी," समता म्हणाली. "आत कोनी तरी किल्ली मागते."

"कोन मागते?"

"दिसत नाही. आपन कुलूप लावाले खाली वाकलो का मागून बोलते. काल मले म्हने, तुह्यापाशी किल्ली हाय का. मी म्हटलं, कायची? तं म्हने, या साखळीची. लय येळ झाला म्हने. घरी भाकरीचं पाहाचं हाय."

जयमालाबाईच्या हातातून समताचा दंड सुटला.

मुलींना तिनं भिंतीपासून लांब, सावलीत उभं केलं. मग आवारात गेली. सायकलपाशी बसून तिनं किल्ली कुलपात घातली, तर ते नवंकोरं कुलूप फिरेना. किल्ली काढून पदराला पुसली, पुन्हा घातली, हलवली. मुली सांगतात की त्या वेळी मावशी एकटीच बोलत होती, "थांब वं माय, थांब, होते," असं काहीतरी. कुलूप उघडलं. साखळी सळसळत मुरमावर पडली. सायकल हलली नाही.

जयमालाबाईनं फाटकाच्या दोन्ही बाजू सताड उघडल्या आणि ती सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. चर्चकडे पाठ केली. दोन्ही हात पसरले.

खामगावकडून एक भरलेला ट्रक येत होता. त्यानं लांबूनच हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. ती हलली नाही. सोजराबाई हॉटेलातून ओरडली, "जयमाला, वेडी झाली का वं!" ट्रकचे ब्रेक लागले, टायरांचा जळका वास आला, आणि तो तिच्यापासून हाताच्या अंतरावर थांबला. त्याच्यामागं एक जीप थांबली, पलीकडून येणाऱ्या मोटारसायकली थांबल्या. कुणीतरी शिवी दिली. आणि मग, का कोण जाणे, सगळे गप्प झाले. ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं.

त्या शांततेत तिला मागून आवाज आला. टक टक टक टक. चाक मोकळं सोडल्यावर होतो तसा. तो फाटकातून निघाला, रस्त्यावर चढला, तिच्या अगदी पाठीमागून गेला. तिच्या पदराला गार, ओलं काहीतरी घासून गेलं. चैत्राच्या त्या भाजणाऱ्या दुपारी तिच्या अंगावर पावसाचे थेंब उडाले. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. आवाज पलीकडे उतरला, शेताच्या वाटेला लागला आणि लहान होत गेला.

नंतर सोजराबाईनं तिला विचारलं होतं, एवढं झालं तर मागं वळून का नाही पाहिलं. तेव्हा ती म्हणाली, "पाह्यलं असतं तं पुन्हा धरून ठेवली असती मी तिले."

ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं. तो परमुलखातला, दाढी पांढरी झालेला माणूस होता. रागावलेला नव्हता. शेताच्या वाटेकडे पाहत म्हणाला, "निकल गई माताजी बच्ची. अब हट जाओ."

जयमालाबाई बाजूला झाली. गाड्या सुरू झाल्या, हळूहळू पुढं गेल्या. स्टँडमधली शेवटची खाच रिकामी होती, खाली साखळी पडलेली. तिनं मुलींना आपापल्या सायकली घेऊन एकेक करून रस्ता ओलांडायला लावला, शेवटची मुलगी दिसेनाशी होईपर्यंत थांबली, आणि मग घराकडे निघाली.

शेताच्या वाटेवरच्या धुळीत चाकाची एक ओली रेघ होती. ती तिच्या कडेनं चालत आली. रेघ सरळ त्यांच्या अंगणात शिरली होती आणि घराच्या भिंतीपाशी येऊन संपली होती. अनुपमा जिथं सायकल टेकवायची तिथं. माणिकराव दारात बसला होता, पुढ्यात सांबाराच्या जुड्या तशाच पडलेल्या.

"घंटी वाजली," तो म्हणाला. "मी आतमधी पानी पिऊन राह्यलो होतो. माह्या तोंडातून निघून गेलं, आली का वं. रोज इचारायचो तसं."

"मंग?"

"हाव म्हने."

जयमालाबाई त्याच्याशेजारी उंबऱ्यावर बसली. दोघं त्या भिंतीकडे पाहत राहिले. ऊन कलून सावली अंगणात आली तरी कुणी उठलं नाही, भाजी बाजारात गेली नाही.

त्यानंतर ती सायकल चर्चमध्ये कुणाला दिसली नाही. दोन-तीन आठवडे मुली बिचकत होत्या, मग समतानं आधी सायकल आत लावली आणि तिच्या मागून सगळ्यांनी. आता पावसाळ्यात पत्र्याखाली जागा पुरत नाही. निवृत्तीला आणखी एक कठडा सांगितला आहे. शाळा सुटायच्या वेळी जयमालाबाई रस्त्यावर येऊन उभी राहते आणि मुली पार होईपर्यंत गाड्या थांबवते. तिला हे काम कुणी दिलेलं नाही. रोज जाणारे ड्रायव्हर तिला ओळखतात, लांबूनच वेग कमी करतात.

अंगणातली रेघ मात्र बरेच दिवस गेली नाही. उन्हानं आसपासची जमीन तडकली, तरी ती ओलीच राहायची. घरच्या कोंबड्या दाणे टिपत टिपत तिच्यापर्यंत यायच्या, मान वर करून थांबायच्या आणि परत फिरायच्या. जयमालाबाई रोज अंगण झाडायची, तेवढी जागा सोडून.

मग एका सकाळी माणिकरावानं तिला बाहेर बोलावलं. ती पिठाचे हात घेऊनच आली. रेघ फिकट झाली होती, धुळीत जेमतेम कळत होती. एक तांबडी कोंबडी तिच्यावरून सावकाश चालत पलीकडे गेली, मग दुसरी गेली, मग पिल्लं गेली.

"झाडू का आता?" माणिकरावानं विचारलं.

जयमालाबाईनं पिठाचे हात पदराला पुसले.

"राहू द्या," ती म्हणाली. "वारं नेईन."